ब्लूमामावशींची बाल्कनी

नफ्तालीचा हिब्रू सिनेमा सिनेमावाल्यांचीच टर उडवणारा होता. तेल अवीवच्या गल्लीत, उरलेल्या एकुलत्या एका रिळावर हिरोच्या शेवटच्या प्रसंगाचं शूटिंग चाललं होतं आणि वरच्या बाल्कनीतून ब्लूमामावशी काकडी सोलता सोलता सारख्या सूचना देत होत्या.

"बाळा, हा कसला हिरो? उपाशी दिसतोय. आधी त्याला खायला घाल."

नफ्तालीचं डोकं फिरलं. खुर्चीवर चढून तो किंचाळला, "मावशी, दिग्दर्शक मी आहे की तुम्ही?" तेवढ्यात खुर्ची मोडली आणि साहेब थेट कलिंगडाच्या गाड्यात.

केसांतल्या बिया झटकत त्याने कॅमेरामन एझ्राला विचारलं, "हिरोचं झालं ना सगळं?"

 

"नाही रे, रीळ तुझ्यावरच संपलं. मावशी म्हणाल्या, त्याला सोड, कॅमेरा याच्याकडे फिरव."