हातभर अंतर

सिरसाळ्याबाहेरच्या माळावर, मुरूम चोपून केलेल्या मैदानात गोल्फची स्पर्धा अगदी शेवटाला आली होती. बसवेशचा चेंडू भोकापासून हातभर लांब होता. तो आत गेला, की बसवेशला पुण्याच्या खऱ्या हिरवळीवर खेळायला मिळणार होतं. गेल्या वर्षी एवढ्याच अंतरावरून तो चुकला होता. आता तो काठी चेंडूमागं टेकवायचा आणि परत उचलायचा.

"जमंना गं," तो हळूच म्हणाला.

काठ्यांची पिशवी खांद्याला लावून बाजूला उभ्या असलेल्या त्याच्या बायकोनं, शिवगंगानं, त्याच्या हातांकडं पाहिलं.

"बरं, रात्रीला वांगं करू का शेवगा?"

"आत्ता काय मधीच?"

"सांगा की. कूट करावं लागंल."

"शेवगा कर." आणि खरंच त्याला शेवग्याची भाजी दिसायला लागली. "शेंगा जरा कवळ्या बघून घे. अन् तिखट बेतानं..."

बोलता बोलता त्याचे खांदे सैल पडले, काठी अलगद पुढं गेली आणि चेंडू भोकात पडला.

माळावर टाळ्या वाजल्या. बसवेश हसत बायकोकडं आला.

"भाजीच्या नादात भ्यायचंच इसरलो बघ. तू मात्र लई निवांत हायस."

पिशवी घ्यायला त्यानं हात पुढं केला, तर तिची बोटं पट्ट्यावरून सुटतच नव्हती. गार पडली होती.

त्यानं ती एकेक करून सोडवली.

"राहू दे शेवगा," तो म्हणाला. "आज बाहेर जेवू."