अडलेला सीन

"तुझं पटकथेचं सॉफ्टवेअर माझ्या विंडोजवर चालत नाही," मी तिसऱ्यांदा सांगितलं.

"मग मॅक घे. तुझ्या त्या फुकटच्या सॉफ्टवेअरात वाणसामानाची यादी लिहावी," केदार हसला.

पटकथा दोघांची. तीन आठवडे एकाच सीनवर अडलो होतो: भाऊ भावाचं डोकं फोडतो, पण त्यानंतर काय बोलतो ते सुचत नव्हतं.

मी स्टीलचा थर्मास उचलून त्याच्या कपाळावर हाणला. केदार खुर्चीसकट आडवा झाला. भुवई फुटून रक्त कानापर्यंत ओघळलं.

"लागलं का रे?" मी विचारलं.

त्याने डोळे उघडले. "हेच. भाऊ हेच विचारेल. लिहून घे."

मी माझा लॅपटॉप उघडला.

"त्यात नको," तो म्हणाला. "मॅकवर लिही."

मी लॅपटॉप मिटला आणि थर्मास पुन्हा उचलला.