कोरी राहिलेली जागा

"ताई, एक जागा कोरी राहिलीय. ती भरल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही," तंत्रज्ञ अवघडून म्हणाला.

'आई' हा प्रोग्रॅममधला नुसता अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास होता, म्हणजे आतून रिकामा साचा. त्याचा वारसा घेणाऱ्या प्रत्येक यंत्रात माया कशी करायची, हे त्या-त्या घरच्या बाईनं लिहायचं. जेमतेम महिन्याभराचं आयुष्य उरलेल्या वृषालीनं आपल्या लेकीसाठी सगळं लिहिलं होतं: "वेणी घालताना केस ओढू नकोस, ती चावते. ताप आला की पाठ थोपट." उरलं होतं दोन वर्षांच्या मनवाच्या एकाच प्रश्नाचं उत्तर, "आई कुठंय?"

वृषालीनं मनवाला मांडीवर ओढून घेतलं. मग तिनं लिहिलं, "ही काय, इथंच आहे मी."

यंत्र तिच्याच आवाजात ते बोललं. मनवा तिच्या मांडीवरून उतरली आणि हसत त्याच्याकडे धावली.