डावी चप्पल

रुचिराची डावी चप्पल पुन्हा गायब होती. उजवी मात्र दारापाशी, मुलांच्या इवल्या इवल्या चपलांच्या रांगेत शहाण्यासारखी बसली होती.

"बाई, आज तुमचा एकच पाय आला का?" प्रीतमने विचारलं आणि सगळा शिशुवर्ग खिदळला. जया हसली नाही. तिने आपली एक चप्पल काढली आणि दप्तरात टाकली. तिचं पाहून प्रीतमनेही काढली. बघता बघता अख्खा वर्ग एका पायात चप्पल घालून लंगडत फाटकाकडे निघाला, बाईंना एकटं वाटू नये म्हणून. एरवी रुचिराला गहिवरून आलं असतं. आज तिचं डोकं तापलेलं होतं.

वर्सोव्याच्या कोळीवाड्याला लागून असलेल्या या बालवाडीत ती रजेवरच्या बाईंच्या जागी बदलीवर आली होती. चपलेचा हा तमाशा सोमवारपासून चालू होता. दुपारी शाळा सुटली की डावी चप्पल नाही आणि सकाळी येऊन पाहावं तर ती रांगेत हजर. चोराने जोड नेला असता. एकच न्यायची आणि गुपचूप परत आणून ठेवायची, म्हणजे कोणीतरी मुद्दाम छळत होतं.

ते कोण, हेही तिने ओळखलं होतं. शेजारच्या वर्गाची नमिता. सोमवारी सकाळी रुचिरा वर्गातूनच बहिणीला फोनवर सांगत होती, "शुक्रवारी पार्ल्याला मुलाखत आहे गं. कायमची जागा. झालं काम की मी चालले इथून." तेव्हा नमिता दारातच उभी होती. बाकी वर्गात होती ती फक्त मातीचे लाडू वळणारी मुलं. त्याच दुपारपासून चप्पल जायला लागली. नमिताही कधीपासून तात्पुरतीच होती. कायमची जागा कोणाला नको असते?

रुचिराला तर ती हवीच होती. आजवर सगळ्या बदल्याच तिच्या वाट्याला आल्या. मुलांना तिचं नाव नीट घेता यायला लागलं की तिची गाशा गुंडाळायची वेळ व्हायची. आता ते पुरे झालं होतं.

"इकडे कोण आलं होतं गं?" तिने जयाला विचारलं. चपला रांगेत लावायचं काम जयाने कोणी न सांगता स्वतःकडे घेतलं होतं.

"नमिताबाई," जया पटकन म्हणाली. "मी लक्ष ठेवते ना, बाई."

"शहाणी माझी."

"उद्या येणार ना, बाई?" हे जया हल्ली रोज विचारायची.

"येणार तर! माझी चप्पल नको का शोधायला?"

जयाने समाधानाने मान डोलावली.

तिला न्यायला आजी आली होती, कृष्णाबाई. मासळी विकून परस्पर आलेली, काखेत रिकामी टोपली. रुचिरा म्हणाली, "पालकसभेला तिच्या पप्पांना पाठवा हं."

"तिचा बापूस गावाला गेलाय," कृष्णाबाई खाडीकडे बघत म्हणाली आणि नातीचा हात धरून चालू लागली.

इथल्याच कोळीवाड्यातली माणसं ही, यांना आणखी कुठलं गाव? रुचिराच्या मनात एवढं येऊन गेलं. मग ती बालवाडीतल्या आयाबाईंच्या ढगळ सपाता ओढत घरी गेली.

शुक्रवारी तिने धोकाच पत्करला नाही. चपला दारात न ठेवता वर्गातल्या कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली मुलांसमोरच खडूच्या डब्यात टाकली. दिवसभरात बाहेरचं एकच माणूस वर्गात डोकावलं. नमिता, रंगीत कागद मागायला. तेवढ्यात रुचिरा प्रीतमला शू करायला घेऊन गेली होती.

शाळा सुटल्यावर तिने कपाट उघडलं. आत उजवी चप्पल होती. फक्त उजवी.

ती तशीच अनवाणी शेजारच्या वर्गात घुसली. "दे माझी चप्पल, नमिता. मला उशीर होतोय. तुला तेच हवंय ना?"

"काय बोलतेस तू?"

"नाटकं नकोत. तुलाही तीच जागा हवीय."

"मी अर्जच नाही केला, यार," नमिता म्हणाली. तिला लागलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. तरी खाली वाकून तिने आपले सँडल काढले आणि रुचिरापुढे सरकवले. "घाल हे. मी रिक्षा थांबवते." आणि ती अनवाणीच बाहेर पळाली.

रुचिराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने सँडल पायात चढवले आणि फाटकाकडे निघाली. आजीची वाट बघत जया तिथेच उभी होती. तिची नजर रुचिराच्या पायांवर गेली आणि तिने भोकाड पसरलं.

"हे नाय घालायचे! काढा, बाई, काढा!" ती रुचिराच्या डाव्या पायाला झोंबली, दोन्ही हातांनी सँडल ओढू लागली. त्या झटापटीत तिचं दप्तर उलटं झालं. डबा पडला, पाण्याची बाटली पडली आणि त्यांच्यामागून रुचिराची डावी चप्पल पडली.

रुचिरा खाली तिच्यापाशी बसली. "जया, तू? का गं असं केलंस?"

"चप्पल लपवली की माणूस जात नाय," जया हुंदके देत म्हणाली. "मावशीआजी आलेली ना, ती राहिली. तुम्ही पण रोज आलात."

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. रुचिराने तिचं नाक पदराने पुसलं. "कोणी शिकवलं गं तुला हे?"

"मला आधीपासून येतं." जयाने चप्पल उचलून पोटाशी घट्ट धरली. "पण पप्पा गेले ना, तेव्हा मी झोपलेली."