तेरा कोटींचा राग

"शब्दच्या शब्द सांग. काही गाळू नकोस," रॉय टकेट म्हणाला.

त्याचे करार ठरवणारा एजंट सिड हॅलोरन याने कॉफीचा मग खाली ठेवला. "जाऊ दे रे. जेवताना माणूस काहीही बोलतो."

"सिड!"

"मार्चेना आला की टकेटला कोण विचारतो, असं म्हणाला पर्किन्स. मार्चेनाला सहा वर्षांचे एकवीस कोटी डॉलर द्यायची तयारी आहे क्लबची." सिडने रॉयच्या बायकोकडे, लोरीनकडे बघून मान हलवली. "मी हे बोलायलाच नको होतं."

रॉयच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ वर्षं तो त्या बेसबॉल क्लबचा पहिल्या क्रमांकाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता आणि पर्किन्स हा त्या क्लबचा कारभारी. रॉयच्या कराराची अजून पाच वर्षं उरली होती, तेरा कोटी डॉलरची. हात मोडून घरी बसला असता तरी ते पैसे सुटणार नव्हते. करारात एकच पळवाट होती. वाटलं तर सगळ्यावर पाणी सोडून त्याला खुल्या बाजारात जाऊन कुठल्याही क्लबशी नवा करार करता येणार होता. मात्र तसं या रविवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवायला हवं होतं. आता सव्वाचार वाजले होते. तीन वाजता सिडची गाडी अंगणात येईपर्यंत रॉयच्या मनात तसलं काही नव्हतं. तो मागच्या झाडांची पानं गोळा करत होता.

"मार्चेनाही पिचरच ना? यंदा किती सामने जिंकला? बारा! मी सतरा. त्याने किती जणांना बाद केलं? माझ्यापेक्षा तीस कमी. सहाव्या डावात जीभ बाहेर येते त्याची. मी आठव्यात उभा असतो. आणि त्याला एकवीस?"

"तुझं सगळं खरं आहे," सिड म्हणाला. "पण तो सत्तावीसचा. तू तेहतीसचा. पर्किन्स वय बघतो. तू शांत हो."

रागावलेल्या माणसाला 'शांत हो' म्हणण्याइतकं वाईट औषध नाही. रॉयने टेबलावर मूठ आपटली. मीठदाणी आडवी झाली.

"मिळू देत की त्याला एकवीस," लोरीन म्हणाली. "तेरा कोटीत आपलं भागत नाही का? आणि कोपराचं काय? सप्टेंबरपासून तू डाव्या हाताने दाढी करतोयस."

"ते आत्ता कशाला काढतेस?"

"सिडपासून काय लपवायचं? अकरा वर्षं घरचाच आहे तो."

सिडने रॉयच्या कोपराकडे बघितलं. मग म्हणाला, "कोपर दुखतंय? मग तर मुळीच नको, रॉय. बाजारात गेलास तर आधी डॉक्टर तुझा हात बघतील. इथे कोण विचारतंय? मार्चेना पुढे राहील, तू मागे. मान खाली घालून पाच वर्षं काढ."

"मान खाली? मी?" रॉयच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. "बोट मोडलेलं असताना चेंडू टाकलाय मी त्यांच्यासाठी! बापाला पुरून तिसऱ्या दिवशी मैदानावर उभा होतो! तेव्हा मार्चेना कुठे होता? थांब, त्या पर्किन्सलाच विचारतो." त्याने फोन उचलला.

"विचार ना," सिड म्हणाला. "पण तो काय कबूल करणार आहे? गोड गोड बोलेल. आम्हाला तूच हवायस म्हणेल. आणि उद्या ऑफिसात बसून हसेल."

रॉयने फोन खुर्चीवर फेकला. लोरीनने तो उचलून पुन्हा त्याच्यापुढे धरला. "एकदा विचार तरी. माझ्यासाठी."

"माझं हसं करून घेऊ का, लोरीन? सिड, तो कागद आहे तुझ्याकडे?"

"आहे. असा कागद तयार ठेवावाच लागतो. पण मी तो काढणार नाही. उद्या मलाच शिव्या घालशील."

"काढ म्हणतो ना!"

सिडने उसासा टाकला आणि बॅगेतून कागद काढला. पेनही काढलं. लोरीनने कागदावर तळहात पसरला.

"रॉय, हात गेला तर आपल्याला कुत्रं विचारणार नाही. हे पैसे आपले आहेत. कमावलेत तू."

"मी काय कमावलंय ते त्यांना कळलं पाहिजे," रॉय म्हणाला. त्याने तिचा हात बाजूला केला आणि सही केली. सही करताना कोपरातून कळ गेली. त्याने दात आवळले. घड्याळात पाचला वीस मिनिटं होती.

सिडने कागदाचा फोटो काढून क्लबला पाठवला. लोरीन दोघांकडे पाठ करून मोरीपाशी उभी राहिली. तिने सिडला जेवायला थांब म्हटलं नाही. सिडने जाताना रॉयच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुटपुटला, "मी आहे ना."

सहाच्या सुमाराला सिड हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात शिरला, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला आणि त्याने पर्किन्सला फोन लावला.

"मिळाला कागद?"

"मिळाला," पर्किन्स म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. "अरे, काय केलं हे त्याने? आम्हाला तो हवा होता, सिड. एवढा राग कशाचा आला?"

"तुम्ही मार्चेनाला एकवीस कोटी देताय, असं त्याच्या डोक्यात बसलंय."

"आम्ही? टकेटचे तेरा कोटी द्यायचे असताना मार्चेनासाठी आमच्याकडे पैसे होतेच कुठे?"

"आता आहेत ना," सिड म्हणाला. "मार्चेना माझ्यासमोरच जेवतोय. देऊ का त्याच्याकडे फोन?"