बँकवालीचा आकडा

"नऊशे!" बँकवाली हसून म्हणाली आणि हिरव्या कार्डावरच्या चौकोनात तिनं मोत्यासारख्या अक्षरात तो आकडा लिहिला.

हॉस्पिटलच्या बाकावर शेजारी बसलेल्या शिवणवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. मागच्या महिन्यात हिचे हजार, त्याआधी आठशे, आता नऊशे. आणि आपल्या मुलाचे? चाळीस हजार! दोघींची मुलं एकाच आठवड्यात, एकाच मजल्यावरून नवं यकृत घेऊन घरी गेली होती. मग हा दुजाभाव का?

नवं यकृत शरीरानं परकं म्हणून झिडकारू नये, म्हणून दोन्ही मुलांना रोज गोळ्या असत. त्या गोळ्यांनी अंगातले पहारेकरीच पेंगायला लागतात आणि एरवी गपगुमान पडून राहणारा एक विषाणू डोकं वर काढतो. तो फार माजला तर गाठी येतात, गाठींचा कॅन्सरही होऊ शकतो. म्हणून दर महिन्याला रक्त तपासायचं आणि विषाणू किती ते बघायचं. रिपोर्टमधला आकडा आईनंच कार्डावर लिहायचा, अशी तिथली रीत. डॉक्टरांपुढे पन्नास मुलं. ते कार्डावर नजर टाकत आणि पुढच्याला बोलावत.

"तुम्ही हिला खायला काय देता हो?" बँकवालीच्या मुलीकडे बघत शिवणवालीनं विचारलं.

"काही विशेष नाही. आपलं नेहमीचंच."

नेहमीचंच म्हणे! सांगायची नाही ही बया. शिवणवालीनं तिच्यासारखीच पाण्याची बाटली घेतली होती, तोच साबण आणला होता, मुलाला शाळेत मागच्या बाकावर बसू देत नव्हती. तरी आकडा तिथंच. एकदा तरी हिचाही चढू दे, असं तिच्या मनात आलं. तिनं जीभ चावली, पण आलं ते आलंच.

त्या दिवशी बँकवाली सहज बोलून गेली, "आम्ही रक्त इथं देतच नाही. आमच्या बँकेच्या शेजारी लॅब आहे ना, तिथं देतो. दर महिन्याला रक्तासाठी वेगळी सुट्टी कोण देतंय?"

शिवणवालीनं कान टवकारले. अस्सं! म्हणजे खरी गोम इथं आहे.

पुढच्या महिन्यात तिनं हॉस्पिटलात रक्त दिलं आणि कुणालाही न सांगता मुलाला त्या लॅबमध्येही नेलं. पोरगं कुरकुरलं, पण तिनं ऐकलं नाही. रिपोर्ट आला. अकराशे! भर रस्त्यात तिनं मुलाला उचलून घेतलं. हॉस्पिटलचं यंत्रच मेलं खोटारडं! तपासणीच्या दिवशी तिनं कार्डावर अकराशे लिहिलं, चांगलं ठसठशीत, आणि ताठ मानेनं आत गेली.

डॉक्टर कार्ड बघून थबकले. "चाळीस हजारांवरून अकराशे? महिन्याभरात?"

तिनं लॅबचा कागद पुढे सरकवला. डॉक्टरांनी तो वाचला, मग कॉम्प्युटरवर हॉस्पिटलचा रिपोर्ट काढला. तिथं अडतीस हजार होते.

"अहो ताई, आपण सबंध रक्तात मोजतो. हे लोक रक्त निवळून वरच्या पाण्यात मोजतात. विषाणू दडून बसतो पेशींत, मग पाण्यात तो कमीच दिसणार."

"म्हणजे एकानं इंचानं मोजायचं आणि दुसऱ्यानं वितीनं?"

"अगदी तसंच. तुमच्या मुलाच्या रक्तात त्यांचे अकराशे म्हणजे आपले अडतीस हजार. पण तुम्ही घाबरू नका. चढतोय हे आम्हाला वेळेवर दिसलं, म्हणून गोळ्या कमी केल्या, म्हणून तो आटोक्यात आहे. न कळता वाढला असता तर कठीण होतं."

शिवणवालीला बँकवालीचं कार्ड आठवलं. बारा चौकोन, बारा सुंदर आकडे, सगळे वितीनं मोजलेले. तिच्या मुलीच्या गोळ्या कुणी कमी केल्या नव्हत्या. करतील कशाला? गेले दोन महिने ती पोर बाकावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपूनच असायची. लाडावून ठेवलीय नुसती, असं म्हणून आपण नाक मुरडलं होतं.

"थांबा डॉक्टर, आलेच," म्हणत ती मुलाला तिथंच बसवून बाहेर गेली.

मुलगी आजही झोपली होती. शिवणवाली खाली बसली आणि रोज सकाळी स्वतःच्या मुलाची मान चाचपावी तशी तिनं त्या पोरीच्या जबड्याखाली बोटं फिरवली. बोटं थांबली. वाटाण्याएवढी एक गाठ लागली, तिच्याखाली आणखी एक.

"अहो, काय करताय?" बँकवाली गोंधळली. मग हसली. "बरं, तुमचा काय आला या वेळी?"

हेच एक उत्तर द्यायला मिळावं म्हणून शिवणवाली वर्षभर जळत होती. आता ते तिच्या तोंडातून निघेना.

"तुमच्याएवढाच," ती म्हणाली. "उचला हिला. आमचं राहू दे, आधी हिला आत नेऊ."