पळीभर चव

“तुम्ही खोटं बोलताय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “संध्याकाळी सहानंतर पाण्याशिवाय काही घेत नाही म्हणता, मग सकाळची साखर पुन्हा वर कशी?”

सुनेला सहावा महिना होता, आणि वजन दिवस राहायच्या आधीपासूनच भारी. गरोदरपणात साखर वाढायचा धोका तिला जास्त, म्हणून डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून तिला वेळा ठरवून दिल्या होत्या. दिवसा नीट पोटभर जेवायचं आणि सहाला तोंड बंद, ते सकाळपर्यंत. हे तिनं इमानेइतबारे पाळलं होतं. आता तिलाच ते खोटं वाटायला लागलं होतं.

“चोरून खाते,” शेजारच्या खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या. “एवढं अंग काय हवेवर पोसलंय?”

नवरा दाराशी उभा होता. आई बोलायला लागली की तो नेहमीच कुठल्या तरी दाराशी उभा असे.

“पुढच्या आठवड्यात हेच आलं तर इन्शुलिन सुरू करावं लागेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “बाळ आत्ताच अंगानं मोठं दिसतंय. त्याच्या जिवाशी खेळू नका.”

परतताना गाडीत सुनेनं एकच गोष्ट मागितली. संध्याकाळी कॅन्टीनला यायचं नाही. पहाटे येईन, सकाळचं सगळं एकटी उरकीन, पण संध्याकाळी घरी राहीन.

“नाही,” सासूबाई म्हणाल्या. “मी नवव्या महिन्यापर्यंत शेगडीपुढे उभी होते. तू काय आभाळातून पडलीस?”

कारखान्याचं कॅन्टीन सासूबाईंच्या नावावर होतं. कामगार त्यांना पाठीमागे फौजदार म्हणत, पण बाईच्या हाताला चव आहे हे कबूल करत. त्या चवीवरच कॅन्टीन चाललं होतं. गेल्या वर्षी मोठ्या तापातून उठल्यावर मात्र त्यांनी स्वतः रांधणं सोडलं आणि नुसता हुकूम सोडायचं काम धरलं. सुनेला शिकवायला हवं, असं त्या चारचौघांत सांगत. शिकवणं कसलं, दिवसभर पाणउतारा. सून मुकाट्यानं ऐकून घ्यायची, आणि मनातल्या मनात त्यांचा उद्धार करायची.

त्या संध्याकाळी रात्रपाळीचं जेवण शिजत होतं. सहा कधीच वाजून गेले होते. मोठ्या पातेल्यात दुधाचं गोड आटत आलं होतं. सासूबाईंनी त्यात पळी बुडवली, फुंकर घातली आणि सुनेच्या तोंडापुढे धरली.

“चव बघ.”

सुनेचं तोंड आपोआप उघडलं. “साखर थोडी कमी आहे,” ती म्हणाली. सासूबाईंनी साखर ओतली, ढवळलं आणि पुन्हा पळी पुढे केली. तिनं पुन्हा चाखलं. “आता ठीक.”

आणि मग तो गोडवा घशातून खाली उतरत असतानाच ती थबकली. स्वयंपाक करणाऱ्याच्या लेखी चाखणं म्हणजे खाणं नसतं, ते काम असतं, आच बघावी तसं. सहानंतर आपण काही खात नाही असं ती शपथेवर सांगत आली होती, आणि रोज सहानंतर प्रत्येक पातेल्यातून, एकदा नाही, दोनदोनदा, कधी चारदा तिच्या पोटात जात होतं. गोड, भात, रस्सा, डाळ. भरवणारा हात एकाच बाईचा होता. डॉक्टरपुढे तिला चोर ठरवणाऱ्या बाईचा.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं पदरानं तोंड पुसलं.

“यापुढे मी चाखणार नाही,” ती म्हणाली. “माझी साखर वाढतेय ती ह्यानंच.”

“नखरे करू नकोस. पळीभर चवीनं कुणाला काही होत नाही.” सासूबाईंनी शेजारच्या पातेल्यातल्या रश्शात पळी घातली आणि तिच्यापुढे धरली. रस्सा नुकताच उकळला होता. “चल, बघ.”

सुनेनं ओठ घट्ट मिटले. पळी तिथंच राहिली, तिच्या ओठांना जवळजवळ टेकलेली. सुनेचं लक्ष त्या हातावर गेलं. गेल्या वर्षभरात ही पळी या बाईंच्या स्वतःच्या तोंडाला लागलेली आपण कधी पाहिली का, हे ती आठवू लागली. तिला एकही वेळ आठवेना.

“तुम्ही बघा ना,” ती म्हणाली. “तुमच्या जिभेची सर माझ्या जिभेला कुठली?”

हे ती जरा मोठ्यानंच म्हणाली. भाजी चिरणाऱ्या बायकांनी सुऱ्या थांबवल्या. कणीक मळणाऱ्यानं मान वर केली. वर्षभर ह्या बाईंचा आवाज चढलेला त्यांनी ऐकला होता, सुनेचा पहिल्यांदाच.

सासूबाईंनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. माघार घेण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी पळी तोंडाला लावली, जीभ टाळूवर आपटली आणि डोळे मिटून जरा वेळ थांबल्या. भटारखान्यात सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

“मीठ अगदी बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “एवढंसं तर काम. त्याला काय मोठी अक्कल लागते?”

सुनेनं फळीवरचा मिठाचा डबा काढला आणि त्यांच्या हातात दिला.

“मग आता घाला, आई,” ती म्हणाली. “रश्शात मी अजून मीठ टाकलेलंच नाही.”